शाळेंतून विद्यापीठांत

विद्यार्थ्याच्या आयुष्यांत दोन उंबरठे मोठे महत्त्वाचे असतात. आईचा हात सोडून तो बालवर्गांत शिरतो तो पहिला, आणि शाळा सोडून तो विद्यापीठाच्या शिक्षणांत शिरतो तो दुसरा. पहिल्या उंबरठ्यावर मूल रडतें, म्हणून सर्वांचें लक्ष तिकडे जातें. दुसऱ्या उंबरठ्यावर कोणी रडत नाहीं. उलट घरोघर पेढे वांटले जातात. परंतु आमचें निरीक्षण असें आहे कीं, होतकरू मुलांमुलींचें जें नुकसान होतें तें बहुधा या दुसऱ्या उंबरठ्यावर होतें, आणि तें आवाज न होतां होतें. शाळेंत पहिल्या दहांत असणारा मुलगा पदवीच्या पहिल्याच सत्रांत दोन विषयांत नापास होतो. वर्गांत नेहमीं हात वर करणारी मुलगी महाविद्यालयांत मागच्या बांकावर गप्प बसते, आणि दिवाळीच्या सुटींत घरीं आली म्हणजे "मला हें झेपत नाहीं" असें आईस हळूच सांगते.

अशा वेळीं घरचीं माणसें एक तर मुलास आळशी ठरवितात, नाहीं तर "एवढी विद्या आपल्या कपाळीं नाहीं" असें म्हणून हात टेकतात. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. मुलाची बुद्धि तीच असते. बदललेली असते ती अभ्यासाची रीत. ती रीत कोणती, ती अंगीं कशी आणावी, आणि पालकांनीं त्यांत कोणतें साह्य करावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

मार्ग जवळ आला, पायरी तेवढीच राहिली

आपला हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या पूर्वींच्या काळाकडे पाहिलें तर विद्यापीठ म्हणजे आपल्या भागांतील मुलांस किती दूरची वस्तु होती हें ध्यानांत येईल. निजामाच्या राजवटींत औरंगाबादेस इंटरमीजिएटपर्यंतचें महाविद्यालय होतें; पदवी घ्यावयाची तर हैदराबाद गांठावें लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें. त्याचें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें, आणि त्यासाठीं शास्त्रांचे व इतिहासाचे ग्रंथ उर्दूंत आणणारें एक स्वतंत्र भाषांतर-खातेंही निघालें होतें. म्हणजे घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास इतिहास, अर्थशास्त्र, रसायन हें सर्व दुसऱ्या भाषेंत, दुसऱ्या लिपींत शिकावें लागे. शिवाय इंग्रजी हा विषय सक्तीचा असे तो निराळाच.

पुढें १९३८ सालीं 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं चळवळ केली, आणि पुष्कळांस शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यांत आलें. त्यांपैकीं अनेकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्यांतलेच. या तरुणांची अवस्था मनांत आणून पाहावी. घर दूर राहिलें, जुने अध्यापक सुटले, आणि उर्दूंतून शिकलेला विषय आतां इंग्रजींतून शिकावयाचा होता. तरीही त्यांनीं शिक्षण सोडलें नाहीं.

त्यानंतर विद्यापीठ आपल्याकडे पावलापावलानें चालत आलें. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच आजचें मिलिंद महाविद्यालय. १९५८ सालीं तेथेंच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९९४ सालीं, सप्टेंबरच्या १७ तारखेस, म्हणजे हैदराबाद मुक्तीच्या वर्धापनदिनीं, नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वांत आलें, आणि आपला जिल्हा त्याच्या कक्षेंत आहे. हिंगोलीस आदर्श महाविद्यालय आहे, वसमतेस बहिर्जी स्मारक महाविद्यालय आहे. सेनगांव-कळमनुरीकडील मुलगी आज सकाळीं एस. टी. नें निघून तास करून संध्याकाळीं घरीं परत येऊं शकते.

रस्ता असा जवळ आला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु रस्ता जवळ आल्यानें पायरी खालीं आली असें मात्र समजूं नये. हैदराबादेस जाणाऱ्या मुलास आपण परक्या मुलखांत चाललों आहों हें ठाऊक असे, म्हणून तो कंबर कसून जाई. आजच्या मुलास महाविद्यालय हें शाळेच्या पुढचा एक वर्ग वाटतो. तीच गांवची वाट, तेच मित्र, तीच एस. टी.; म्हणून तो जुनीच रीत घेऊन आंत शिरतो, आणि पहिल्या परीक्षेपर्यंत त्यास कांहीं चुकतें आहे याचा पत्ताही लागत नाहीं.

मडकें कोण ठोकून पाहतो?

शाळेंत व विद्यापीठांत मुख्य भेद कोणता, हें सांगण्यास आपल्याच जिल्ह्याशीं संबंध असलेली एक आख्यायिका फार उपयोगी आहे. संत नामदेवांचें नांव ज्या नरसी गांवाशीं जोडलेलें आहे तें आपल्याच जिल्ह्यांत. आख्यायिका अशी कीं, एकदां गोरोबाकाका कुंभाराच्या घरीं संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनें तेथें पडलेल्या थापटण्याकडे बोट दाखवून, हें कशास लागतें, असें विचारिलें. मडकें कच्चें कीं पक्कें हें यानें कळतें, असें गोरोबांनीं सांगितलें. मग आमचींही मडकीं पाहा, असें म्हणतांच गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणें मारीत चालले. सर्वजण शांत बसले. नामदेवांस मात्र राग आला, आणि गोरोबांनीं निकाल दिला कीं, हें मडकें कच्चें. नामदेव तर त्या वेळीं नांवाजलेले भक्त. त्यांस हें फार लागलें. परंतु पुढें त्यांनीं काय केलें हें महत्त्वाचें आहे. ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले व त्यांचे शिष्य झाले. जो आपल्या ठिकाणीं पहिला होता, तो मोठ्या मंडळींत कच्चा ठरला. आणि कच्चा ठरल्यावर त्यानें विद्या सोडली नाहीं, तर गुरु शोधला.

आतां शाळेकडे पाहूं. शाळेंत आम्ही शिक्षक हें थापटणें रोज हातांत घेऊन असतों. गृहपाठ तपासतों, घटक-चाचणी घेतों, तोंडीं प्रश्न विचारतों, आणि दोन दिवस मूल गैरहजर राहिलें तर घरीं निरोप धाडतों. मडक्याचा कच्चेपणा दिसला कीं लगेच हात फिरवतों. विद्यार्थ्यास याचा कंटाळा येतो. पण या ठोकण्यामुळेंच तो पक्का होत असतो, आणि तें ठोकणें आपण स्वतः करीत नाहीं, दुसरा करतो, हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. महाविद्यालयांत अध्यापक विषय मांडतात आणि तास संपतांच निघून जातात. वही कोणी पाहत नाहीं. वर्गांत शंभर मुलें असलीं तर नांव देखील ठाऊक नसतें. यांत त्यांची बेपर्वाई नसते. हा विद्यार्थी आतां प्रौढ झाला, हें त्यांनीं गृहीत धरलेलें असतें. थापटणें पडतें तें सत्राच्या अखेरीस, परीक्षेंत, आणि तेव्हां कच्चें मडकें फुटलेलें असतें. म्हणून या लेखाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर असें: विद्यापीठांत थापटणें विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातीं आलेलें असतें, आणि तें त्यानें रोज वापरावें.

तासांचा हिशेब

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणें पदवीचा अभ्यासक्रम श्रेयांकांत मोजतात. आपल्या राज्यांतील संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. पुष्कळ विद्यार्थी श्रेयांक म्हणजे गुणांचाच एक प्रकार समजतात. वस्तुतः श्रेयांक हें श्रमाचें माप आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १,२०० तासांचें अध्ययन. अर्थात् एका श्रेयांकास ३० तास. तात्त्विक विषयांत यांपैकीं वर्गांत भरतात ते १५ तास. उरलेले १५ तास कोठें गेले? ते विद्यार्थ्याच्या टेबलाशीं, ग्रंथालयांत व स्वाध्यायांत जावयाचे असतात.

हाच हिशेब आठवड्याचा करून पाहूं. एका सत्रांत २० श्रेयांक, म्हणजे ६०० तास. सत्र १५ आठवड्यांचें धरलें तर आठवड्यास ४० तास पडतात. सर्व विषय तात्त्विक असले तर त्यांतील २० तास वर्गांत व २० तास स्वतःचे. प्रात्यक्षिकें असलीं तर वर्गांतील वेळ वाढतो व स्वतःचा थोडा कमी होतो. रविवार सोडला तर रोज सुमारें तीन तास स्वतःच्या अभ्यासाचे झाले. जो विद्यार्थी केवळ तासांस हजर राहतो व घरीं पुस्तक उघडत नाहीं, त्यानें अर्धेंच शिक्षण घेतलें, असें या हिशेबावरून उघड होतें. आणि उरलेलें अर्धें परीक्षेपूर्वीच्या आठ दिवसांत भरून निघत नाहीं, कारण आठ दिवसांत तेवढे तासच नसतात.

प्रश्नाचें रूप बदलतें

दुसरा भेद प्रश्नांत आहे. शालेय परीक्षेंत "मागणीचा नियम सांगा" असा प्रश्न आला तर पाठ केलेलें उत्तर चालतें. पदवीच्या वर्गांत तोच विषय पुढील रूपानें समोर येऊं शकतो: "हळद बाजारांत एकदम येते त्या दिवसांत भाव उतरतो. तरीही कांहीं शेतकरी माल साठवितात, आणि कांहींस तो लगेच विकावा लागतो. दोघांच्या वागण्याची मीमांसा करा." वसमतच्या मुलास हा प्रश्न घरचाच वाटावा, हळद शिजविणें, वाळविणें, पॉलिश करणें, पोतीं बाजारांत नेणें हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. पण उत्तर लिहितांना त्यास मागणी व पुरवठा यांचा नियम, कर्जाच्या हप्त्याची तारीख, साठवणुकीची जागा व पुढील भावाचा अंदाज या सर्वांचा मेळ स्वतः घालावा लागतो. व्याख्या पुस्तकांत सांपडते. मेळ पुस्तकांत सांपडत नाहीं.

यावरून वाचनाचीही रीत बदलावी लागते. शाळेंत एका विषयास एक पाठ्यपुस्तक असतें, आणि त्यांतील शब्द अखेरचा असतो. विद्यापीठांत दोन ग्रंथकार एकाच घटनेचीं दोन निरनिराळीं कारणें देतात. गोंधळून "खरें कोणतें तें सांगा" असें विचारण्यापेक्षां, पहिल्यानें कोणता पुरावा दिला, दुसऱ्यानें कोणता दिला, हें वहींत शेजारीं शेजारीं मांडावें. बाजारांत मिळणाऱ्या तयार उत्तरांच्या पुस्तिकांवर जो विसंबतो, त्याला मेळ घालण्याची संवयच लागत नाहीं.

भाषेची अडचण

मराठी माध्यमांतून गेलेल्या मुलास विज्ञान शाखेंत पहिली धास्ती भाषेची बसते. त्यास त्वरण ठाऊक असतें, पण ॲक्सिलरेशन म्हणतांच तो बावरतो. प्रकाशसंश्लेषण चांगलें येत असतें, पण फोटोसिंथेसिस कानांवर पडलें कीं आपणांस कांहींच येत नाहीं असें वाटतें. येथें जें अडलें आहे तें नांव आहे, ज्ञान नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढींतील मुलांनीं उर्दूंतून रसायनशास्त्र शिकून घेतलें, हें आठवावें म्हणजे ही अडचण केवढी हें नीट मापानें दिसेल.

उपाय साधा आहे. प्रत्येक विषयास एक लहान वही करावी. तासांत जो पारिभाषिक शब्द नवा आला तो लिहावा, त्यापुढें मराठी प्रतिशब्द लिहावा, आणि तिसऱ्या ओळींत त्या शब्दाचा स्वतः रचलेल्या वाक्यांत उपयोग करावा. रोज पांच शब्द झाले, तर आठवड्याच्या सहा दिवसांचे तीस व पंधरा आठवड्यांचे साडेचारशें होतात. एवढा संग्रह झाला म्हणजे इंग्रजी पुस्तक पूर्वींइतकें परकें राहत नाहीं. मनांत मराठींत विचार करण्याची मात्र लाज बाळगूं नये. आधीं आपल्या भाषेंत समजून घ्यावें, मग दुसऱ्या भाषेंत मांडावें.

स्वतःची परीक्षा कशी घ्यावी

आतां थापटण्याकडे परत येऊं. पुष्कळ विद्यार्थी अभ्यास म्हणजे पुनःपुन्हां वाचणें असें समजतात. २००६ सालीं अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनीं यासंबंधीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस एक उतारा वाचावयास दिला. कांहींनीं तो पुन्हां वाचला. कांहींनीं तो बाजूस ठेवून, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. त्यांस शेंकडा ८१ भाग आठवला, लिहिणाऱ्यांस ७५. परंतु एका आठवड्यानें परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणाऱ्यांस ४२ व लिहून पाहणाऱ्यांस ५६ भाग आठवला. तात्पर्य, नुसत्या वाचनानें जो भरंवसा वाटतो तो तात्कालिक असतो. आठवून पाहण्याचा त्रास ज्यानें घेतला त्याचें ज्ञान टिकतें.

हें ध्यानांत घेऊन आम्ही पुढील नित्यक्रम सुचवितों.

पहिलें, तास झाला त्याच दिवशीं, वही मिटून, त्या तासांतील मुख्य गोष्टी सात-आठ ओळींत लिहाव्या. मग वही उघडून पाहावी, आणि जें सुटलें असेल त्याखालीं रेघ मारावी. ती रेघ म्हणजेच आपलें कच्चें मडकें.

दुसरें, आठवड्यांतून एकदां, सर्व रेघा एकत्र करून त्यांतून एक-दोन नेमके प्रश्न तयार करावे व अध्यापकांकडे जावें. "सर, मला कांहींच समजलें नाहीं" असें म्हणणाऱ्यास साह्य करणें कठीण असतें; "या पायरीनंतर ही पायरी कशी आली?" असें विचारणाऱ्यास बहुतेक अध्यापक आनंदानें वेळ देतात. नामदेवांस औंढ्यापर्यंत जावें लागलें. आपणांस अध्यापकांच्या खोलीपर्यंत जावयाचें आहे.

तिसरें, तिघां-चौघांनीं मिळून आठवड्यास एक बैठक करावी, आणि प्रत्येकानें एक भाग इतरांस शिकवावा. जें दुसऱ्यास समजावून देतां येत नाहीं तें आपणांस पुरतें आलेलें नाहीं.

चौथें, हें थापटणें सर्व विषयांवर सारखें चालवावें. गणिती श्रीनिवास रामानुजन हे १९०४ सालीं शिष्यवृत्ति घेऊन कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयांत दाखल झाले. गणितांत ते इतके रमले कीं इतर विषय मागें पडले. इंग्रजींत ते उतरले नाहींत, आणि शिष्यवृत्ति गेली. पुढें १९१८ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. पहिल्या वर्षाचें अपयश ही बुद्धीची मोजणी नव्हे, हा धडा यांत आहेच. पण आवडत्या विषयासाठीं नावडता टाकणें केवढें महाग पडतें, हाही आहे. प्रत्येकास केंब्रिजचे हार्डी भेटतात असें नाहीं.

पालकांस विनंति

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं महाविद्यालयांत जाणारी ही पहिलीच पिढी आहे. घरांत कोणीं तें शिक्षण पाहिलेलें नाहीं, म्हणून एक समजूत फार आढळते. शाळा दिवसभर असे. महाविद्यालय दुपारीं सुटतें. म्हणजे मूल आतां मोकळें आहे, अशी ती समजूत. मग मुलाकडे शेताचें किंवा दुकानाचें काम येतें, मुलीकडे स्वयंपाक, पाणी व धाकट्या भावंडांची देखरेख येते. घरच्या कामांत हात लावण्यास आमचा मुळींच विरोध नाहीं. परंतु वर दिलेला तासांचा हिशेब कृपा करून पुन्हां वाचावा. दुपारनंतरचे तीन तास ही मोकळीक नाहीं. तें शिक्षणाचें दुसरें अर्ध आहे. फी भरली, पास काढला, पुस्तकें आणलीं, आणि हे तीन तास काढून घेतले, तर पेरणी करून पाणी तोडल्यासारखें होतें. विशेषतः मुलींच्या बाबतींत आमची आग्रहाची विनंति आहे. मुलगी पहिल्या वर्षीं मागें पडली तर पुष्कळ घरीं तिचें शिक्षण तेथेंच थांबतें, आणि थांबलेलें शिक्षण पुन्हां क्वचितच सुरू होतें. हे तीन तास तिला मिळाले असते तर ती मागें पडलीच नसती, असें अनेकींच्या बाबतींत म्हणतां येईल.

दुसरी विनंति अशी कीं, पहिल्या सत्राचे गुण कमी आले तर शाळेंतील गुणांशीं त्यांची तुलना करूं नये. "किती मिळाले?" या प्रश्नाबरोबर "कोणता विषय कोठें अडला, आणि तूं कोणाला विचारलेंस?" हा प्रश्नही विचारावा. पालक स्वतः शिकलेले नसले तरी हा प्रश्न विचारूं शकतात, आणि त्याचें उत्तर देतां देतां मुलासच आपला कच्चेपणा कोठें आहे तें दिसूं लागतें.

विद्यार्थी-मित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं या वर्षीं हें विद्यालय सोडतील, कांहीं एक-दोन वर्षांनीं. उच्च माध्यमिक वर्गांची मधली वर्षें अनेकांच्या पुढें आहेत. त्यांचा उपयोग या तयारीसाठींच करा. आजपासूनच एका विषयाची वही मिटून लिहून पाहण्यास प्रारंभ करा. आम्ही तपासण्यापूर्वीं तुमची चूक तुम्हांसच सांपडूं लागली, म्हणजे तुम्ही विद्यापीठास योग्य झालां असें समजावें. तो दिवस तुम्हां सर्वांच्या आयुष्यांत लवकर येवो, ही आमची मनःपूर्वक इच्छा आहे.